गोष्ट सांगायला अधिवासाचा दाखला कशाला?

२०२२ सालच्या फेब्रुवारीअखेर सॅम एलियट या अमेरिकन नटाने एका पॉडकास्टवर ‘द पॉवर ऑफ द डॉग’ या, थॉमस सॅव्हेज यांच्या कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाबद्दल मनातली सगळी चीड ओकली. एलियट यांचं बहुतेक आयुष्य वेस्टर्नपटांत गेलं. झुबकेदार मिशा, खर्जातला आवाज, डोक्यावर हॅट. काउबॉय म्हटलं की अनेक अमेरिकनांना त्यांचाच चेहरा आठवतो. त्यांचा राग मुख्यतः तीन गोष्टींवर होता. दिग्दर्शक जेन कॅम्पियन न्यूझीलंडच्या, तर ‘तिकडच्या’ या बाईला अमेरिकन पश्चिमेतलं काय ठाऊक? चित्रीकरण केलं न्यूझीलंडमध्ये आणि सांगितलं मोंटाना, हे कसं खपवून घ्यायचं? आणि काउबॉयच्या गोष्टीत समलिंगी आकर्षणाच्या या खुणा कशासाठी? पंधरवड्याच्या आत कॅम्पियन यांनी उत्तर दिलं. एलियट काउबॉय नाहीत, नट आहेत, असं त्यांनी सुनावलं. वेस्ट ही मिथकाची भूमी आहे, तिथे सगळ्यांना पुरेल एवढी जागा आहे, असंही म्हणाल्या. मार्चअखेरीस त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. बारा नामांकनांपैकी पदरात पडलं ते एवढंच. एप्रिलमध्ये एलियट यांनी जाहीर माफी मागितली आणि प्रकरण मिटलं.

मला मात्र ते मिटल्यासारखं वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंनी वाद वाईट पद्धतीने घातला गेला. एका बाजूने जन्मगाव विचारलं, दुसऱ्या बाजूने ‘म्हातारा चळलाय’ म्हणून प्रश्नच निकालात काढला. माझं म्हणणं असं आहे: ‘हिला काय ठाऊक?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे, प्रत्येक कलाकृतीला तो विचारलाच पाहिजे. पण त्याचं उत्तर पासपोर्टात सापडत नाही, ते कलाकृतीतच शोधावं लागतं. आणि ‘हे सगळं मिथकच आहे, कोणीही काहीही सांगावं’ हे उत्तर तर मूळ प्रश्नापेक्षाही कच्चं आहे. त्या उत्तराने कॅम्पियन यांच्याच कामाचा मान कमी होतो. (पुढे कथेचा शेवट उघड होणार आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहा, लेख नंतर वाचा.)

एलियट यांच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी नीट बोलू. त्यांनी सांगितलं की ते नुकतेच टेक्सासहून परतले होते. तिथे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखून जगणारी कुटुंबं पाहिली होती. एकटे मर्दगडी नव्हेत, आजी-आजोबा, लेकी-सुना, नातवंडं असलेली मोठी खटली. त्या लोकांचं जगणं डोळ्यांत साठवून आलेल्या माणसाला पडद्यावर एक क्रूर, कुढणारा, आंघोळ न करणारा रँचमालक दिसतो आणि सगळं जग टाळ्या वाजवतं. त्याला लागणार नाही? खेड्यातल्या माणसाला शहरी पडद्यावर नेहमी दोनच जागा मिळतात, भोळसट किंवा रानटी. ही तक्रार जगात कुठेही खरीच आहे, आणि ती करणाऱ्याच्या तोंडची भाषा वाईट होती म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

जागेबद्दलचा आक्षेपही उडवून लावण्यासारखा नाही. चित्रीकरण झालं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो प्रांतातल्या मॅनिओटोटोच्या माळावर. डोंगर भव्य आहेत, प्रकाश देखणा आहे. पण मोंटानाच्या दऱ्यांत राहणाऱ्याला गवतावरून, डोंगराच्या अंगावरून कळतंच की हे आपलं रान नाही. एक उदाहरण या आक्षेपाला चांगलंच बळ देतं. कादंबरीत रँचच्या घरासमोरच्या टेकडीवर फिलला, म्हणजे त्याच रँचमालकाला, धावणाऱ्या कुत्र्याची आकृती दिसते. ती बनलेली असते वर आलेल्या खडकांची आणि सेजब्रशच्या झुडपांच्या गुंत्याची. सेजब्रश म्हणजे त्या मुलखातलं राखाडी, उग्र वासाचं खुरटं झुडूप. ते तिथे इतकं सर्वत्र असतं की त्याच्यावाचून ती भूमी डोळ्यांपुढे उभीच राहत नाही. चित्रपटात कुत्रा दिसतो तो डोंगरावरच्या सावल्यांत. झुडपाचा कुत्रा आणि सावलीचा कुत्रा यांत फरक आहे. पहिला त्या मातीतून उगवलेला आहे, दुसरा कुठल्याही डोंगरावर पडू शकतो. काहीतरी हरवलं आहे, हे मी मान्य करतो.

पण मग या आक्षेपाचा पुढचा टप्पा पाहा. वेस्टर्नपटांवर जीव टाकणाऱ्यांनी भूगोलाचा हा काटेकोरपणा याआधी कधी दाखवला होता? जॉन फोर्ड यांचा १९५६ सालचा ‘द सर्चर्स’ हा या प्रकारातला शिरोमणी मानला जातो. तोही कादंबरीवरूनच केलेला, अ‍ॅलन ले मे यांच्या. गोष्ट टेक्सासची. चित्रीकरण मुख्यतः अ‍ॅरिझोना आणि युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत, जिथे लाल खडकाचे सुळके उभे आहेत आणि टेक्सासच्या गवताळ माळाचं नावनिशाण नाही. कोमांची या मूळनिवासी लोकांच्या बहुतेक भूमिका केल्या तिथल्याच नाव्हाहो लोकांनी. फोर्ड स्वतः जन्मले मेन राज्यात, अटलांटिकच्या किनाऱ्याला. पुढे सर्जिओ लिओने हा इटालियन माणूस स्पेनच्या अल्मेरियात, ताबेर्नासच्या वैराण भागात काउबॉय घेऊन गेला; १९६४ सालच्या त्याच्या पहिल्या गाजलेल्या वेस्टर्नची कथा कुरोसावांच्या जपानी सामुराईपटावरून उचललेली होती. ‘शेन’ ही कादंबरी लिहिणारे जॅक शेफर क्लीव्हलँडचे. १९४९ साली पुस्तक आलं तोवर त्यांनी पश्चिम पाहिलीही नव्हती, आणि त्यावरचा चित्रपट आजही अस्सल वेस्टर्नचा नमुना म्हणून दाखवला जातो. ओवेन विस्टर, ज्यांच्या १९०२ सालच्या कादंबरीने काउबॉयला साहित्यात नायकपद मिळवून दिलं, ते फिलाडेल्फियाचे, हार्वर्डमध्ये शिकलेले. तैवानच्या अँग ली यांनी वायोमिंगमधल्या दोन गुराख्यांची प्रेमकथा कॅनडातल्या अल्बर्टात चित्रित केली. ही यादी वाढवायची तर पानं पुरणार नाहीत. मग दाखला मागण्याची वेळ नेमकी कॅम्पियन यांच्यापाशीच का यावी?

आणि अस्सलपणाची वाट मागे चालत गेलो तर ती कुठे जाऊन थांबते? काउबॉयच्या हातातला ‘लासो’ हा शब्द स्पॅनिश. ‘रोडिओ’ स्पॅनिश. ‘रँच’सुद्धा ‘रांचो’वरून आलेला. घोड्यावरून गुरं राखण्याची सगळी विद्याच मेक्सिकोतल्या ‘वाकेरों’कडून उत्तरेला आली. गृहयुद्धानंतरच्या दशकांत गुरं हाकणाऱ्यांत दर चौघांमागे एक जण कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे; पडद्यावरच्या काउबॉयमध्ये ते किती दिसले? शेकडो मैल कळप हाकत नेण्याचा तो जमाना जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचा. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात उत्तरेकडच्या मोकळ्या माळांवर लाखो गुरं गारठून, उपाशी मेली आणि जुनी पद्धत कायमची मोडली. त्यानंतर जे उरलं त्यात आठवणी होत्या, सर्कशी होत्या, स्वस्तातल्या कादंबऱ्या होत्या आणि पुढे सिनेमा. ‘खरं वेस्टर्न’ म्हणून ज्याचा पहारा केला जातो, ते बव्हंशी पूर्वेकडच्या शहरांत बसलेल्या लोकांनीच घडवलेलं आहे.

आता या कादंबरीकडे वळू, कारण या वादात सर्वांत कमी बोललं गेलं ते तिच्याबद्दल. थॉमस सॅव्हेज यांचा जन्म १९१५ चा. ते लहान असताना त्यांच्या आईने मोंटानातल्या एका रँचमालकाशी दुसरं लग्न केलं आणि हा मुलगा बीव्हरहेड परगण्यात, गुराढोरांत वाढला. सावत्र वडिलांचा एक भाऊ होता. हुशार, हातांत कसब असलेला, आणि जिभेने माणसं फाडणारा. त्याच्यावरून फिल बर्बँक उभा राहिला. कादंबरी १९२५ सालच्या मोंटानात घडते आणि तिची सुरुवातच गोऱ्हे खच्ची करण्याच्या वर्णनाने होते. ते वर्णन वाचताना कळतं की लिहिणाऱ्याने ते लांबून पाहिलेलं नाही. म्हणजे ज्या गोष्टीत ‘बाहेरच्या बाईने भलतंच घुसडलं’ असं एलियट यांना वाटलं, ती गोष्ट रँचवर वाढलेल्या पुरुषाची आहे. समलिंगी आकर्षणाचा धागासुद्धा हल्लीच्या फॅशनपायी शिवलेला नाही. १९६७ साली, ज्या काळात अमेरिकेत याबद्दल उघड बोलणं म्हणजे नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लावणं होतं, त्या काळात तो छापून आला आहे. मग प्रश्न उलटा होतो. रँचवर वाढलेल्या माणसाने जे पाहिलं ते सांगितलं, आणि हॉलीवूडमध्ये घडलेल्या काउबॉयने म्हटलं, असं नसतंच. या दोघांत आतला कोण?

इथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सॅव्हेज यांनी हे पुस्तक मोंटानात बसून लिहिलेलं नाही. ते पूर्वेला गेले, कॉलेजात शिकवू लागले, मेनच्या समुद्रकाठी राहिले. आतल्या माणसालाही आतलं सांगायला बाहेर जावं लागलं. गावात राहून गावाबद्दल खरं लिहिणं किती जड जातं, हे ज्यांनी केलं आहे त्यांना विचारा.

एलियट यांच्या बोलण्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ते वैतागून म्हणाले की हा फिल घोड्यावर जवळपास दिसतच नाही. बाहेरून येतो, तरातरा जिना चढतो आणि चॅप्स न काढता पलंगावर पडून बँजो वाजवतो. चॅप्स म्हणजे पँटवरून चढवायचं कातड्याचं किंवा केसाळ लोकरी कातड्याचं आवरण. झुडपातून घोडा घालताना मांड्या खरचटू नयेत म्हणून. घरात त्याचं काही काम नाही. एलियट यांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. काम करणारा गुराखी दारात चॅप्स उतरवेल, जसा आपल्याकडचा शेतकरी चिखलाच्या वहाणा घेऊन माजघरात येणार नाही. पण हे पाहून त्यांनी पुढचा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता: हा माणूस चॅप्स का काढत नाही?

कारण फिल हा जन्माने काउबॉय नाही. चित्रपटात तो येलमध्ये ग्रीक-लॅटिन शिकलेला आहे. आईवडील पैसेवाले, रँच मुलांच्या हाती सोपवून शहरात राहायला गेलेले. काउबॉयपण त्याने ब्रॉन्को हेन्री नावाच्या माणसाकडून शिकलं, त्या माणसावर जीव लावला, आणि तो मेल्यावर त्याचं खोगीर देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं तबेल्यात जपलं. भाऊ जॉर्ज सूट घालतो, मोटार चालवतो. १९२५ साल आहे. घोडे जाऊन मोटारी येऊ लागल्या आहेत. फिल एकटाच वीस-पंचवीस वर्षांमागच्या काळात राहायचा हट्ट धरून बसला आहे. तो टबात आंघोळ करत नाही, हातमोजे घालत नाही, मऊ बोलत नाही, आणि जो कोणी हे करेल त्याचा जाहीर अपमान करतो. जॉर्ज पुढे विधवा रोझशी लग्न करतो आणि फिल तिला छळतो; तिचा कोवळा मुलगा पीटर कागदी फुलं करतो तर फिल ते फूल पेटवून त्याच्यावर विडी शिलगावतो. तो पहारेकरी आहे. खरा काउबॉय कोण, खरा पुरुष कोण, हे ठरवण्याचा ठेका त्याने घेतला आहे, आणि तो घेण्यामागे काय लपवायचं आहे ते गोष्ट हळूहळू उलगडते. त्याच्या अंगावरचे चॅप्स त्या लपवण्याचाच भाग आहेत. ते उतरवले तर आत कोण सापडेल याची त्याला भीती आहे. सॅव्हेज यांनी १९६७ सालीच हा वाद लिहून ठेवला होता. २०२२ साली तो पुन्हा पॉडकास्टवर घडला.

म्हणून मला वाटतं की ‘यात वेस्टर्न कुठे आहे?’ या प्रश्नाला चित्रपटात भरभक्कम उत्तर आहे. पण ते ‘मिथकाची भूमी’ या शब्दांत नाही. मिथक म्हटलं की ज्ञानाची जबाबदारी संपते, आणि हा चित्रपट तर ज्ञानावर उभा आहे. ढोबळ ज्ञानावर नव्हे. गुरांच्या, कातड्याच्या, हातांच्या ज्ञानावर.

फिल पीटरसाठी दोर विणतो. न कमावलेलं कातडं पाण्यात भिजवायचं, त्याच्या लांब वाद्या काढायच्या, त्या ओल्या असताना एकमेकींत घालून गोफ विणायचा. कॅमेरा त्या बोटांवर रेंगाळतो. माझे आजोबा माणदेशात वाखाचं दावं वळायचे. घायपाताची पानं कुजवून, धुऊन, कुटून काढलेला वाख. टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दोन्ही तळहात एकमेकांवर घासत पीळ भरत जायचा, मध्येच तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवायची. कोरडा वाख बोटं कापतो, ओला ऐकतो. लहानपणी त्यांच्यासमोर बसून मी तास घालवले आहेत, आणि त्यामुळे कामाचे हात आणि कामाचं सोंग करणारे हात यांतला फरक मला कळतो असं मी धीटपणे म्हणेन. सोंग करणारा हाताकडे पाहतो. काम करणाऱ्याची नजर दुसरीकडे असते आणि बोटं आपली चाललेली असतात. फिलची भूमिका करणारा बेनेडिक्ट कंबरबॅच हा लंडनचा नट. त्याची बोटं पाहा. विणता विणता तो पीटरकडे पाहतो. हे संवाद पाठ करून येत नाही. त्याने चित्रीकरणाआधी मोंटानात जाऊन रँचवरची कामं शिकून घेतली होती, आणि ते शिकणं पडद्यावर दिसतं.

दुसरं ज्ञान जास्त भयंकर आहे. गोष्टीचा सगळा कट अँथ्रॅक्सवर फिरतो, म्हणजे आपल्याकडे गुराख्यांना ठाऊक असलेली फाशी, माणसाला झाली की काळपुळी. गुरं पाळणाऱ्या घरात एक नियम लहान मुलांनाही माहीत असतो: फाशीने मेलेलं जनावर फाडायचं नाही, त्याचं कातडं काढायचं नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. फिललाही हा नियम ठाऊक आहे, म्हणून तो रोगट जनावराच्या वाटेलाही जात नाही. पीटर वैद्यकाची पुस्तकं वाचणारा मुलगा. तो हातमोजे घालून डोंगरात मरून पडलेल्या गायीचं कातडं काढून आणतो आणि तेच फिलला दोरासाठी देतो. फिलच्या उघड्या हाताला कुंपणाच्या लाकडांपाशी झालेली जखम असते. त्याच हाताने तो ते कातडं पाण्यात कालवतो. ज्या उघड्या हातांचा त्याला एवढा अभिमान, ज्या हातमोज्यांना तो बायकी समजत आला, तिथूनच मरण आत शिरतं. बंदूक उडत नाही, द्वंद्व होत नाही. मला सांगा, गुरांशी नातं नसलेल्या माणसाला सुचेल अशी ही गोष्ट आहे का? एका रँचवर वाढलेल्या लेखकाला ती सुचली, आणि न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाने तिच्यातलं एकही जोड ढिलं होऊ दिलं नाही. जन्मावर हक्क सांगणाऱ्यांना आणि मिथकाचा आधार घेणाऱ्यांना, दोघांनाही हे दाखवायला हवं होतं.

कोणी सांगावं, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. दलित साहित्याने स्वानुभवाचा आग्रह धरला तेव्हा तो किती आवश्यक होता हे आज वेगळं सांगायला नको. १९७८ साली ‘बलुतं’ आलं आणि शतकानुशतकं ज्यांच्याबद्दल दुसरेच बोलत आले होते, त्यांच्यापैकी एकाने स्वतःचं जगणं स्वतःच्या शब्दांत मांडलं. त्याआधी दया दाखवणारे पुष्कळ लिहिते होते. दया आणि अनुभव यांत काय अंतर असतं ते त्या पुस्तकाने उघडं केलं. मग एलियट यांनी तेच मागितलं तर बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. या सगळ्या वादातला हा सर्वांत वजनदार प्रश्न आहे. माझं उत्तर असं की स्वानुभवाच्या आग्रहाचं बळ त्याच्यामागच्या मौनातून येतं. ज्यांची तोंडं बांधली गेली, त्यांचा बोलण्यावर पहिला हक्क. गोऱ्या काउबॉयचं तोंड कधी कोणी बांधलं? हॉलीवूडने त्याच्यावर हजारो चित्रपट काढले, त्याला सरकारी टपाल तिकिटापासून सिगारेटच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे मिरवलं. जगातल्या कुठल्याही गुराख्याच्या वाट्याला एवढं कौतुक आलेलं नाही. त्याने दाखला मागणं म्हणजे दुबळ्याचं शस्त्र धट्ट्याकट्ट्याने उचलणं. उलट, त्या काउबॉयमध्येच ज्याचं तोंड बांधलेलं होतं, जो पुरुषावर प्रेम करत होता आणि कोणाला सांगू शकत नव्हता, त्याच्याबद्दल ही गोष्ट बोलते.

याचा अर्थ कॅम्पियन यांचं सगळं बरोबर आहे असा नाही, आणि खरी टीका करायला जागा होती हेच मला जास्त सलतं. कादंबरीत पीटरचा बाप, डॉक्टर जॉनी गॉर्डन, फिलच्या हातून भर दारूगुत्त्यात अपमानित होतो आणि पुढे गळफास घेतो. म्हणजे पीटरने केलेल्या खुनात आईला वाचवणं आहे तसंच बापाचं देणं फेडणंही आहे. चित्रपटाने बापाच्या मरणातला फिलचा हात काढून टाकला. उरली ती आरंभी ऐकू येणारी पीटरची वाक्यं, बाप गेल्यावर आईचं सुख एवढंच हवं होतं अशी. यामुळे पीटर जास्त गूढ झाला हे खरं, पण फिलच्या क्रौर्याला जो जुना हिशेब चिकटलेला होता तो पुसला गेला. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. ही चूक परकेपणातून आलेली नाही. मोंटानात जन्मलेल्या दिग्दर्शकानेही लांबी कमी करताना हेच कापलं असतं. पण यावर वाद झाला असता तर प्रेक्षकाला कादंबरी उघडावीशी वाटली असती. सगळे पासपोर्ट तपासण्यात गुंतले होते.

आणि एक जागा अशी आहे जिथे दोघंही, एलियट आणि कॅम्पियन, मला कमी पडलेले दिसतात. बीव्हरहेडची ती दरी शोशोनी या मूळनिवासी लोकांच्या वावराची भूमी. १८०५ साली पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेबरोबर आलेल्या सकागाविया या शोशोनी स्त्रीला तिच्या लोकांचा तांडा भेटला तो याच परगण्यात, आणि त्याचा म्होरक्या तिचा सख्खा भाऊ निघाला. डोंगराच्या पलीकडच्या लेम्ही खोऱ्यात उरलेल्या तिच्या लोकांना १९०७ साली घरंदारं सोडून फोर्ट हॉलच्या राखीव भूमीवर जावं लागलं. सॅव्हेज यांच्या कादंबरीत एडवर्ड नापो नावाचा बाप आपल्या मुलाला जुना मुलूख दाखवायला राखीव भूमीवरून घेऊन येतो, आणि फिल त्यांना वाटेत अडवतो. त्या बापाला तिथे मन आहे, आठवण आहे, मुलासमोर झालेल्या अपमानाची लाज आहे. चित्रपटात नापो आणि त्याचा मुलगा येतात ते कातडी न्यायला. फिल कातडी विकण्यापेक्षा जाळून टाकणारा माणूस. दारूच्या नशेत, पण त्याच्यावरच्या रागाने, रोझ ती सगळी त्यांना देऊन टाकते, आणि बदल्यात तिला मऊ हातमोजे मिळतात. कातडी गेली म्हणून फिल पेटतो, कातडी गेली म्हणून पीटरचं रोगट कातडं त्याच्या हातात येतं. सगळी गोष्ट त्या दोघांच्या येण्यावर वळते, आणि ते दोघं काही मिनिटांत निघून जातात. हातमोजे रोझच्या हातात राहतात आणि चित्रपट पुन्हा बर्बँकांच्या घरात शिरतो. त्या बाप-लेकाचं कोणी सांगायचं, हे त्या पॉडकास्टवर कोणी विचारलं नाही आणि कॅम्पियन यांच्या उत्तरातही ते आलं नाही.